दुसऱ्याची यादी आणि आपले गाव

चैत्र-वैशाखातल्या जत्रांसाठी तमाशाची सुपारी द्यायला गावोगावची पंचमंडळी नारायणगावात येतात, तेव्हा पहिल्या दिसेल त्या राहुटीत शिरत नाहीत. आधी सगळ्या राहुट्यांवरून एक फेरी होते. कोणत्या फडाचा फलक किती मोठा, त्यावर कोणत्या कलावंतांची नावे, यंदा कोणता वग बसवला आहे, हे सारे वाचून झाल्यावर मग बैठक आणि बिदागीची घासाघीस. ही फेरी पंचमंडळी मारतात तशी फडमालकांची माणसेही मारतात. शेजाऱ्याने यंदा काय नवे आणले, हे त्यांनाही हवे असते. त्याला कोणी चोरी म्हणत नाही. फलक रस्त्याकडे तोंड करूनच लावलेला असतो. तो लोकांनी वाचावा हीच लावणाऱ्याची इच्छा असते आणि लोकांत शेजारीही आलाच.

जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत आज हीच फेरी संगणकाच्या पडद्यावर सुरू झाली आहे. २०१८ साली राज्य सरकारने जुन्नरला विशेष पर्यटन तालुक्याचा दर्जा दिला. २०२० साली राज्याचे कृषी पर्यटन धोरण आले. शिवनेरी, लेण्याद्री, ओझर, नाणेघाट, माळशेज एका बाजूला आणि मंचर-घोडेगावमार्गे भीमाशंकर दुसऱ्या बाजूला, असा हा मुलूख. पुण्या-मुंबईचा माणूस शुक्रवारी रात्री मोबाइलवर ‘जुन्नरजवळ राहण्याची सोय’ असे काहीतरी टाइप करतो आणि वर जी दोन-चार नावे दिसतील त्यांतल्या एकाला फोन लावतो. पाचव्या-सहाव्या नावापर्यंत फारसे कोणी जात नाही. द्राक्षाच्या बागेशेजारी चार खोल्या बांधून बसलेल्या तरुणाचा शनिवार-रविवार भरणार की रिकामा जाणार, हे त्या क्रमावर ठरते. आपले नाव त्या यादीत वर यावे म्हणून जी खटपट केली जाते तिला ‘सर्च इंजिन ऑप्टिमायझेशन’ असे भारदस्त नाव आहे आणि ती खटपट करून देणाऱ्यांचा एक स्वतंत्र व्यवसायच उभा राहिला आहे.

या व्यवसायातली एक युक्ती अशी की, आपल्या प्रतिस्पर्ध्याच्या संकेतस्थळाचा ‘साइटमॅप’ उघडून बघायचा. वाचकांपैकी अनेकांच्या घरातला मुलगा, सून किंवा भाचा हे काम आज करत असेल. तेव्हा ते काय आहे हे थोडे समजून घेऊ.

दिवाळी अंकाला जशी अनुक्रमणिका असते, तसा संकेतस्थळाला साइटमॅप असतो. फरक इतकाच की, ही अनुक्रमणिका माणसांसाठी लिहिलेली नसते. गूगलसारख्या शोधयंत्रांचे अदृश्य हरकारे अहोरात्र जगभरच्या संकेतस्थळांवरून फिरत असतात. त्यांना आपल्या घरातल्या सगळ्या खोल्या सापडाव्यात म्हणून मालकाने दारात ठेवलेली ती यादी. प्रत्येक पानाचा पत्ता आणि ते पान शेवटचे केव्हा बदलले त्याची तारीख, एवढाच तिचा ऐवज. ही पद्धत गूगलने २००५ साली सुरू केली. २००६ साली याहू आणि मायक्रोसॉफ्ट तीत सामील झाले आणि ती सगळ्यांची झाली. एका यादीत ५० हजारांपर्यंत पत्ते मावतात. जुन्नरच्या कृषी पर्यटन केंद्राला पंचवीससुद्धा पुरतात, ही गोष्ट वेगळी.

ही यादी शोधणेही अवघड नाही. संकेतस्थळाच्या पत्त्यापुढे तिरपी रेघ देऊन ‘रोबोट्स डॉट टीएक्सटी’ असे इंग्रजीत लिहिले, की बहुतेक ठिकाणी चार-सहा ओळींचा एक कागद उघडतो. हरकाऱ्यांनी कोठे जावे आणि कोठे जाऊ नये, याच्या त्या सूचना. ही प्रथा १९९४ पासूनची, म्हणजे गूगलच्याही आधीची. त्या कागदात पुष्कळदा साइटमॅपचा पत्ता दिलेला असतो. शिवाय छोटी संकेतस्थळे ज्या ‘वर्डप्रेस’ नावाच्या साधनावर उभी असतात, त्यात २०२० पासून ही यादी आपोआप तयार होते. त्यामुळे गंमत अशी की, आपली अनुक्रमणिका दारात टांगलेली आहे, हे अनेक मालकांना ठाऊकच नसते. चाचणीसाठी केलेले अर्धवट पान, तीन वर्षांपूर्वीच्या दरांचे पान, बंद पडलेल्या सहलीचे पान, असे सगळे त्या यादीत सुखेनैव नांदत असते. दुसऱ्याची यादी बघण्याआधी प्रत्येकाने आपली बघावी, हा या प्रकरणातला पहिला आणि बिनखर्चाचा सल्ला.

आता प्रश्न येतो नीतीचा. दुसऱ्याची यादी वाचणे योग्य की अयोग्य? माझे उत्तर स्पष्ट आहे: योग्य. माझे आयुष्य बँकेत गेले. बँकांना आपला ताळेबंद प्रसिद्ध करावा लागतो आणि समोरच्या बँकेचा ताळेबंद न वाचणारा अधिकारी कामाचा नव्हे. समोरच्या शाखेच्या दारावर ठेवीचे नवे दर लागले की, तासाभरात ते आमच्याकडे कळायचे आणि आमचे त्यांच्याकडे. उघड्यावर मांडलेले वाचण्यात पाप नाही. पाप सुरू होते ते पुढच्या पायरीवर. यादी वाचणे वेगळे आणि यादीतले पान उघडून त्यातला मजकूर, छायाचित्रे, दुसऱ्या पाहुण्यांनी लिहिलेले अभिप्राय उचलून आपल्या दारात लावणे वेगळे. १९५७ चा कॉपीराइट कायदा संगणकाच्या पडद्यालाही लागू आहे. शिवनेरीवर कोणीही लिहू शकतो. पण शिवनेरीवर शेजाऱ्याने जे लिहिले ते शेजाऱ्याचे आहे.

तेव्हा माझी तक्रार नीतीची नाही. ती आहे अकलेची.

ही यादी वाचून नेमके काय कळते? प्रतिस्पर्ध्याने कोणत्या विषयांवर पाने केली आहेत, हे कळते. ती पाने कशी गटवार लावली आहेत, हे कळते. तारखा खऱ्या असतील तर तो पावसाळी सहलींचे पान मे महिन्यातच नवे करून ठेवतो आणि द्राक्षांचे पान डिसेंबरात, हेही कळते. ही माहिती उपयोगाची आहे. पण त्या पानांपैकी कोणते पान वाचून पाहुणा आला, हे यादीत नसते. कोणत्या पानावर वर्षभरात चिटपाखरूही फिरकले नाही, हेही नसते. यादीत प्रत्येक पानाच्या महत्त्वाचा एक आकडा घालण्याची सोय आहे आणि नवशिक्यांना वाटते की, हे तर प्रतिस्पर्ध्याचे गुपितच हाती लागले. प्रत्यक्षात तो आकडा आपण विचारात घेत नाही, असे गूगलने स्वतःच जाहीर केले आहे. तारखांचेही तसेच. काही ठिकाणी यंत्र रोज सगळ्या पानांवर आजची तारीख मारून मोकळे होते. म्हणजे ज्याला आपण शेजाऱ्याचे शहाणपण समजतो, तो कित्येकदा शेजाऱ्याचा किंवा त्याच्या यंत्राचा अंदाजच असतो.

कर्जप्रकरणे तपासण्याच्या काळात हा प्रकार मी निराळ्या वेशात पाहिला आहे. एखाद्या गावात एकाची पोल्ट्री चालली की, पुढच्या तीन महिन्यांत पोल्ट्रीचे आठ-दहा अर्ज टेबलावर येत. सोबतचा प्रकल्प अहवाल सगळ्यांचा एकच. पक्षी तेवढेच, खाद्याचा खर्च तेवढाच, नफाही रुपया-पैशापर्यंत तेवढाच. एका अहवालात तर अर्जदाराचे नाव बदललेले होते, पण विहिरीचा गट नंबर दुसऱ्याच गावातला तसाच राहिला होता. ज्याची पोल्ट्री खरोखर चालली होती त्याच्या घरात मुक्कामाला राहून खाद्य मिसळणारा अनुभवी मामा होता. अहवालात मामाचा रकाना नव्हता.

नकलेचा धोका हाच आहे. दिसते त्याची नक्कल होते आणि चालते ते बहुधा दिसत नाही.

हे एकट्या-दुकट्याच्या धंद्यापुरते असते, तर त्यावर रविवारचे पान खर्च करण्याचे कारण नव्हते. पण शंभर जण एकमेकांच्या याद्या बघून पाने लिहू लागले, की एका अख्ख्या मुलखाचे काय होते, हे बघण्यासारखे आहे. जुन्नरविषयी संगणकावर शोध घ्या. शिवनेरी, लेण्याद्री, ओझर, नाणेघाट, माळशेज, पुन्हा शिवनेरी. त्याच पाच पानांच्या शेकडो आवृत्त्या. त्यातल्या कित्येक अशा माणसांनी लिहिलेल्या असाव्यात की, ज्यांनी जुन्नरची एसटी कधी पाहिली नसेल. लेण्याद्रीच्या पायऱ्यांचेच घ्या. कोठे २८३ हा आकडा लिहिलेला आढळतो, कोठे ३०७. ज्याने ज्याचे पाहून लिहिले त्याचा आकडा त्याच्याकडे आला. गुडघे दुखणाऱ्या आजींना घेऊन येणाऱ्या कुटुंबासाठी हा प्रश्न आकड्यांच्या खेळाचा नाही. पायऱ्या उंच आहेत की बेताच्या, वाटेत टेकायला जागा कोठे आहे, ऊन किती वाजल्यानंतर लागते, हे त्यांना हवे असते. ते सांगायला गोळेगावचा, पायथ्याशी राहणारा माणूस लागतो. तो मात्र पैसे देऊन दूरच्या शहरातल्या कोणाकडून दुसऱ्याची यादी वाचून घेतो आणि त्याच पाच पानांची एकशे एकावी आवृत्ती आपल्या नावावर छापून घेतो.

याद्यांच्या बाबतीत जुन्नरइतके श्रीमंत गाव महाराष्ट्रात क्वचितच असेल. नाणेघाटात सातवाहनांची राणी नागनिका हिचा सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा शिलालेख आहे. तो म्हणजे एक यादीच. कोणते यज्ञ केले, दक्षिणा म्हणून किती गाई, किती घोडे, किती हत्ती, किती कार्षापण दिले, याचे आकडे खडकात कोरलेले. भारतातल्या प्राचीन अंकलेखनाचा तो मोठा पुरावा मानतात. कोकणातून घाट चढून येणाऱ्या व्यापाऱ्यांच्या ऐन वाटेवर ही यादी लावली आहे, ती वाचली जावी म्हणूनच. आपल्या ऐश्वर्याची ही अनुक्रमणिका. पण त्या घाटाने रोज किती बैल चढले, कोणता माल आला, कोणाकडून किती जकात घेतली, हे त्या यादीत नाही. जकातीचा म्हणून दाखवला जाणारा दगडी रांजण शेजारीच आहे. त्यात काय पडले, याचा हिशेब कोणी कोरून ठेवला नाही. जे मिरवायचे ते यादीत आले.

जुन्नरच्या डोंगरांतली दुसरी यादी मात्र वेगळी आहे. इथल्या लेण्यांतले लहान-लहान दानलेख वाचले, तर त्यांत धान्याच्या व्यापाऱ्यांची श्रेणी भेटते, बांबूकाम करणाऱ्यांची भेटते, कासारांची भेटते. इरिल, चिट, चंद अशी नावे असलेले यवन भेटतात. त्यांतल्या कोणी पाण्याची टाकी दिली, कोणी भोजनमंडप. राजघराण्याच्या यादीत न बसणारे हे सगळे गाव. त्यांनी राणीच्या लेखाची नक्कल केली नाही. आपण काय करतो आणि आपण काय दिले, एवढेच लिहिले. म्हणून दोन हजार वर्षांपूर्वीचे जुन्नर ही व्यापारी पेठ होती, हे आज आपल्याला कळते.

आजच्या जुन्नर-आंबेगावातले असे किती लेख कोणी लिहिले आहेत? खोडदला ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेना घेऊन आकाशाचा आवाज ऐकणारी महाकाय रेडिओ दुर्बीण आहे आणि विज्ञान दिनाला ती बघायला शाळकरी मुलांची झुंबड उडते. विठाबाई नारायणगावकरांचे गाव इथलेच. आंबेगावच्या पश्चिमेला हिरड्याची झाडे आहेत. बाळहिरडा कसा तोडतात, कसा वाळवतात, आदिवासी कुटुंबाच्या वर्षाच्या हिशेबात त्याचे स्थान काय, हे तिथली कोणतीही आजी अर्ध्या तासात सांगेल. भीमाशंकरच्या रानात शेकरू केव्हा दिसते आणि केव्हा दिसत नाही, हे वाटाड्याला ठाऊक असते. ही सारी सामग्री प्रतिस्पर्ध्याच्या यादीत शोधून सापडणार नाही, कारण त्यानेही ती तिसऱ्याच्या यादीतच शोधली होती.

आणि काही गोष्टी अशा आहेत की, त्या लिहिल्या न जाण्याने जिवावर बेतू शकते. या दोन्ही तालुक्यांत उसाच्या आश्रयाने बिबट्या राहतो. माणिकडोहला बिबट निवारा केंद्र आहे. बिबट्याच्या हल्ल्यांत या भागात माणसे आणि मुले गेली आहेत. ‘चांदण्यात अंगणात झोपा’ ही ओळ दुसऱ्या जिल्ह्यातल्या कोणा केंद्राच्या पानावरून इथल्या पानावर आली, तर ती लिहिणाऱ्याला ठाऊक नसते की, इथे लहान मूल रात्री अंगणात एकटे सोडत नाहीत. पावसाळ्यात माळशेजच्या घाटात दरडी येतात, प्रशासन काही ठिकाणी बंदी घालते. आणि उसने घेतलेले पान बारा महिने ‘निसर्गरम्य धबधबे’ एवढेच बोलत राहते. पाहुण्याला रात्री दार लावून घ्यायला सांगणे, अमुक महिन्यात येऊ नका म्हणणे, हे धंद्याला मारक वाटेल. माझा अनुभव उलटा आहे. तोट्याची शक्यता आधी सांगणाऱ्या माणसावर ग्राहक पैशाच्या बाबतीतही विश्वास टाकतो.

यावर व्यवहारी तरुण जे म्हणेल ते मला ऐकू येते. ‘काका, लोक शिवनेरीच शोधतात. हिरडा कोण शोधतो? जे शोधले जाते त्यावरच पान करायला हवे.’ हे खरे आहे आणि शिवनेरीचे पान करूच नये, असे माझे म्हणणे नाही. परंतु शिवनेरी या एका शब्दासाठी मोठमोठ्या प्रवासी कंपन्या, विश्वकोश आणि वृत्तपत्रे रांगेत उभी आहेत. त्या रांगेत चार खोल्यांच्या केंद्राचा नंबर लागणे कठीण. त्याला जागा मिळते ती लांबलचक, अडाणी वाटणाऱ्या प्रश्नांवर. ‘एसटीने येऊन लेण्याद्री आणि ओझर एका दिवसात होते का’, ‘भीमाशंकरहून परतताना घोडेगावला जेवण कोठे मिळेल’, ‘आई-वडिलांना नाणेघाटापर्यंत गाडीने नेता येते का’. असे प्रश्न आज लोक यंत्राला मराठीतूनही विचारतात, तोंडाने बोलूनही विचारतात. ते प्रश्न कोणते, हे कळायला प्रतिस्पर्ध्याचा साइटमॅप लागत नाही. आपल्या फोनवर येणारी विचारणा आठवडाभर वहीत उतरवून ठेवली, तरी पुरे. ती वही प्रतिस्पर्ध्याकडे नाही.

दुसरे असे की, काळही नकलेच्या विरोधात चालला आहे. केवळ क्रम मिळवण्यासाठी घाऊक प्रमाणात पाडलेली, नवे काही न सांगणारी पाने आपण खाली ढकलू किंवा काढून टाकू, असे धोरण गूगलने मार्च २०२४ मध्ये जाहीर केले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये शोधाच्या उत्तराआधी यंत्राने स्वतः लिहिलेला सारांश भारतातही दिसू लागला. शंभर जणांनी लिहिलेले तेच ते यंत्र चार ओळींत सांगून टाकते. मग एकशे एकाव्याकडे कोणी कशाला जाईल? जायचे कारण एकच उरते. यंत्राला जे माहीत नाही ते त्या पानावर असले पाहिजे. आणि यंत्राला माहीत नसते ते, जे कोणी अजून लिहिलेले नाही.

म्हणून यादी जरूर वाचावी, पण वाचताना त्यातल्या मोकळ्या जागांवर बोट ठेवावे. शेजाऱ्याने चाळीस पाने केली असतील, तर त्या चाळिसांची नावे एका कागदावर उतरवावीत आणि समोर आपल्या वहीतले प्रश्न लिहावेत. ज्या प्रश्नासमोर शेजाऱ्याचे पान नाही, ते आपले पहिले पान. ज्यासमोर पान आहे पण त्यात पायथ्याचा माणूस बोलत नाही, ते दुसरे. बाकीची तीस-पस्तीस त्याची त्याला लखलाभ असोत. अनुक्रमणिका वाचून अंक विकत घ्यावा की नाही, हे ठरवता येते. अनुक्रमणिका वाचून दुसरा अंक काढता येत नाही. त्यासाठी स्वतःजवळ लिहिण्यासारखे काही असावे लागते आणि या दोन तालुक्यांजवळ ते रगड आहे.

घरातला जो मुलगा किंवा सून हे काम करत असेल, त्यांना आजच्या रविवारी एवढेच सुचवावे: तासभर संगणक बंद ठेवा आणि घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला विचारा की, पाहुणे आले तर तुम्ही त्यांना आधी काय दाखवाल? उत्तर आले की, तेवढे एक पान लिहा. पायऱ्यांचा आकडा मात्र स्वतः मोजूनच घाला.